माहिती होती, तरीही...

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच समलिंगी तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची बातमी आली. पुढे एड्स म्हणून जगाला ठाऊक झालेल्या रोगाची ही पहिली अधिकृत नोंद. 'हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा आजार' असा समज मग बराच काळ टिकला. मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको इथून आलेल्या स्पॅनिशभाषक, म्हणजे लॅटिनो घरांतल्या तरुणांकडे फारसे कुणी पाहिले नाही.

पेद्रो झमोरा हा असाच एक. १९८० मध्ये, आठव्या वर्षी तो क्युबाहून बोटीने फ्लोरिडात आला. सतराव्या वर्षी रक्तदानाच्या निमित्ताने एचआयव्हीची बाधा उघड झाली. 'आम्हाला समजेल अशा भाषेत माहिती द्या,' अशी मागणी त्याने १९९३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे केली. पुढच्याच वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला.

पण माहिती पोचली की माणूस वाचतो का? मानसशास्त्रज्ञ राफाएल दियाझ यांनी १९९८ च्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला. धोका ठाऊक असूनही, काळजी घ्यायची इच्छा असूनही ऐनवेळी अनेकांकडून ती घेतली जात नव्हती. याची मुळे लहानपणापासून झालेल्या हेटाळणीत, मर्दपणाच्या कल्पनांत आणि घराच्या अब्रूत होती. आपल्या 'लोक काय म्हणतील'ला स्पॅनिशमध्ये 'एल के दिरान' असा जुळा भाऊच आहे! घर सोडून शहरात यावे, तर तिथे वर्ण आणि गरिबी आड येई. आधाराला पारखा झालेला माणूस जोडीदाराला 'कंडोम वापर' असे ठामपणे कसे सांगणार?

दियाझ आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मायामी व लॉस एंजेलिसमधील ९१२ समलिंगी व उभयलिंगी लॅटिनो पुरुषांची पाहणी केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आधीच्या सहा महिन्यांत १७ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले होते. त्यात कायद्याची भर. १९८७ पासून जानेवारी २०१० पर्यंत बाधित परदेशी व्यक्तीला अमेरिकेत प्रवेशबंदी होती. मग कागदपत्रे नसलेला माणूस तपासणीला कशाच्या भरवशावर जाणार?

२०१२ मध्ये प्रतिबंधक गोळीला मान्यता मिळाली. लॅटिनोंपर्यंत ती गोऱ्यांच्या मानाने कमीच पोचली. २०२२ च्या अंदाजानुसार अमेरिकेतील नव्या बाधितांपैकी सुमारे एक तृतीयांश लॅटिनो होते. लोकसंख्येत मात्र तेव्हा ते एक पंचमांशही नव्हते. औषध दुकानात असते; ते मागण्याचे धैर्य मात्र घरातून, शेजारातून आणि कायद्यातून यावे लागते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)