रस्किनची दरी आणि सायकलवाले

इंग्लंडात डर्बीशरमधली वाय नदी म्हणजे एकदम शांत प्रकरण. तिच्या दरीतून मॉन्सल ट्रेल ही बारीक खडीची वाट जाते, साधारण १३.७ किमी. ग्रॅव्हल बाईकवाले खूश, कारण दमवणारा चढ नाहीच. असणार कसा? मुळात ही मिडलँड रेल्वेची लाईन, १८६३ साली सुरू झालेली. (हॅडन हॉलपाशी तर ड्यूकसाहेबांना गाड्या दिसू नयेत म्हणून बोगदा काढला!)

जॉन रस्किन या रेल्वेवर जाम भडकला होता. बक्स्टनच्या लोकांना अर्ध्या तासात बेकवेलला पोचवायला अख्खी दरी घालवलीत, असा त्याचा सूर. मला त्याचं निम्मंच पटतं. आणि गंमत बघा, गांधीजींनी त्याचं ‘अन्टू धिस लास्ट’ १९०४ साली वाचलं ते जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना. रेल्वेतच!

१९६८ मध्ये लाईन बंद पडली. दोनच वर्षांनी याच लाईनीवरचा हेडस्टोन पूल जपण्याजोगी वास्तू म्हणून संरक्षित झाला. १९८१ ला वाट खुली झाली, पण बोगदे बंदच. तिथे वळसा घालून चढउतार करावी लागे. २०११ मध्ये तेही उघडले. आता दिवसा आत दिवे असतात, सायकल थेट आरपार.