सॅन फ्रान्सिस्कोची चोवीस पत्रे (थ्रेड)

आत्महत्या-प्रतिबंधाचा इतिहास चाळताना औषधे, रुग्णालये आणि कायदे भेटतात, हे अपेक्षितच. पण या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा प्रयोग टपालाच्या पेटीतून झाला, आणि तो करणारा मनोविकारतज्ज्ञ स्वतः दुसऱ्या महायुद्धातील सैनिक होता. त्याचे नाव जेरोम मोटो.

१९६०च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांसमोर एक जुनाच पेच होता. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेला रुग्ण घरी सोडल्यावरचा काळ सर्वाधिक धोक्याचा असतो, हे ठाऊक होते. आणि नेमक्या त्याच काळात पुष्कळ रुग्ण पुढील उपचार नाकारत. जो दारात येतो त्याच्यासाठी शास्त्र सज्ज होते. जो येतच नाही त्याचे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

मोटोंना ते सुचले आपल्या युद्धकाळातील अनुभवावरून. युरोपात तैनात असताना एका तरुणीची पत्रे त्यांना येत असत. ओळख तशी जुजबीच. पत्रांत विशेष काही नसे. पण बदल्यात काही मागितलेलेही नसे. समोरच्याकडून कसलीही अपेक्षा न ठेवणारी विचारपूस माणसाला तगवून धरते, ही खूणगाठ त्यांनी तेथे बांधली.

१९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे प्रयोग सुरू झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या ३,००५ रुग्णांपैकी ८४३ जणांनी पुढील उपचार नाकारले होते. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाशी पुढे कोणताही संपर्क ठेवला गेला नाही. दुसऱ्या गटाला पाच वर्षे पत्रे गेली : पहिले चार महिने दरमहा, नंतरचे आठ महिने दोन महिन्यांतून एकदा आणि उरलेली चार वर्षे दर तीन महिन्यांनी. एकूण चोवीस.

पत्र जेमतेम दोन-तीन वाक्यांचे असे. आपण येथे होतात त्याला बरेच दिवस झाले, सर्व ठीक असेल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर आम्हांला आनंद होईल, आशय एवढाच. उपचारांची आठवण नाही, प्रश्नावली नाही, उपदेश तर नाहीच. दर वेळी मजकूर निराळा असे, आणि रुग्णाने काही लिहून पाठवले असेल तर त्याचा धागा पुढच्या पत्रात शक्यतो पकडला जाई. सोबत परतीचा पत्ता लिहिलेला लिफाफा असे, पण त्यावर तिकीट नसे. तपशील क्षुल्लक वाटेल, पण साऱ्या प्रयोगाचे मर्म त्यातच आहे. तिकीट लावलेला लिफाफा उत्तराचे ओझे टाकतो. कोरा लिफाफा फक्त वाट मोकळी ठेवतो.

निष्कर्ष असा : पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. पुढे हा फरक हळूहळू ओसरला आणि चौदाव्या वर्षापर्यंत तो उरला नाही. तरीही प्रत्यक्ष मृत्यूंच्या आकड्यांत फरक दाखवणारा पहिला यादृच्छिक प्रयोग म्हणून तो ओळखला जातो.

१९७६मध्ये मोटोंनी याविषयी लिहिले, २००१मध्ये सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले; पण बराच काळ फारसे कोणी तिकडे वळले नाही. इतक्या साध्या, स्वस्त उपायावर विश्वास बसणे विद्वानांना जड गेले असावे.

दरम्यान, सैनिकांची कथा वेगळ्या वाटेने चालली होती. व्हिएतनाममधून परतलेल्यांच्या वेदनेला अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत सूचीत ‘पीटीएसडी’ हे नाव १९८०मध्ये मिळाले. इराक-अफगाणिस्तान युद्धांच्या काळात, २००७ साली, माजी सैनिकांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन सुरू झाली. पण हेल्पलाइन झाली तरी फोन आधी माणसाने करायचा असतो. फौजेत रोज सकाळी हजेरी होते, गैरहजर असलेल्याचा शोध घेतला जातो. गणवेश उतरल्यावर ती हजेरी घेणारे कोणी उरत नाही.

अखेर २०२०मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने या हेल्पलाइनवर फोन करणाऱ्यांना पत्रे पाठवण्यास आरंभ केला. काही पत्रांवर चिकित्सकाची सही होती, तर काहींवर दुसऱ्या माजी सैनिकाची. मोटोंचे २०१५मध्येच निधन झाले होते.

या पद्धतीला रामबाण मानणे मात्र चुकीचे. सेवेतील ६५८ अमेरिकी सैनिक व मरीन यांच्यावर मोबाइल संदेशांचा असाच प्रयोग झाला. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मुख्य मोजमापांवर परिणाम दिसला नाही. आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण तेवढे कमी आढळले. टंकलिखित पत्र आणि पडद्यावरचा संदेश यांचे वजन सारखे असते का, हा प्रश्न संशोधकांपुढे खुला आहे.

भारतात ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष उघडला. १४४१६ हा तिचा क्रमांक नागरिकांसाठीही चोवीस तास निःशुल्क आहे.