फणसांबा आणि देवराईतली मेलेली झाडं

फणसाच्या म्हाताऱ्या खोडाला खुरासारखं काहीतरी फुटलेलं दिसलं की कोकणातली जुनी माणसं समजून जात: औषध आलं, लाकूड गेलं.

हा फणसांबा. पावसात उगवून चार दिवसांत सडणाऱ्या अळंब्यांचाच भाऊबंद, पण लाकडासारखा टणक आणि वर्षानुवर्षं वाढणारा. वरून काळपट, भेगाळलेला. खालून दालचिनीच्या रंगाचा, आणि त्या अंगाला सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं. सुरीला दाद देत नाही, कोयत्यानेच पाडावा लागतो. आमची आजी तो सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि ते तपकिरी गंध तोंड आलेल्या, लाळ गळणाऱ्या पोराच्या हिरड्यांना बोटाने चोळायची. पोर थुंकायचं, ती पुन्हा चोळायची. मुंबईच्या सरकारी औषध भांडाराचे प्रमुख विल्यम डिमॉक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त (१८९०–९३) फणसाच्या अळंब्याचा हाच उपयोग नोंदलेला आहे. गुण किती येतो, ते वैद्यांनी सांगावं.

लाकूड मात्र खरंच जातं. मोडलेल्या फांदीच्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि गाभा खात सुटते. बाहेरची जिवंत साल आणि कोवळं लाकूड शाबूत राहतं, म्हणून आतून पोकळ झालेलं झाडही पुढे कित्येक वर्षं पालवतं. सुतार अशा झाडाकडे पाठ फिरवतो. १८६४ साली स्थापन झालेल्या वनखात्याचा हिशेबही सुताराचाच: रोगट, वाळलेलं झाड म्हणजे अडलेली जागा, ते काढा.

देवराईचा कायदा वेगळा होता. तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, देव कोपतो! वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हा अनेक ठिकाणी हा धाक टिकून होता. त्या धाकामुळे बुरशीला निवांत जेवायला मिळालं आणि बेहड्यासारख्या थोराड झाडांत ढोल्या तयार झाल्या. तांबट पक्षी घरट्यासाठी मऊ झालेल्या फांदीत स्वतः बीळ कोरतो. धनेशाला एवढी मोठी चोच असून ते जमत नाही. त्याला तयार ढोलीच लागते. मादी आत बसते, विष्ठेने तोंड लिंपून घेते, आणि चोचीपुरत्या फटीतून नर तिला फळं भरवतो.

आता देव तोच आहे, धाक गेला. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सभामंडपाला जागा हवी असते, आणि पहिली कुऱ्हाड पोकळ झाडावर पडते, कारण ते ‘तसंही मेलेलंच’ असतं. गावकऱ्यांनो, मंडप चार हात सरकवा. निदान फेब्रुवारी ते मे कुऱ्हाड लावू नका. त्या महिन्यांत ढोलीत धनेशाची मादी कोंडून बसलेली असते आणि तिला उडून जाता येत नाही.