कॅसेटमध्ये फुंकर का मारायची?

दिवाळीत सांगलीला घरी गेलो होतो. आईने नेहमीप्रमाणे माळा आवरायला लावला. (आयटीतला मुलगा घरी आला की त्याला दोनच कामं असतात : वायफाय नीट करणे आणि माळा आवरणे.) जुनी गाईडं, बंद पडलेला मिक्सर, ताईची भातुकली या सगळ्याच्या मागे एक खोका निघाला आणि मी शिडीवरच बसलो. आमचा टीव्ही गेम! दोन रिमोट, एक केशरी बंदूक आणि पिवळ्या रंगाची कॅसेट, वर झोकात छापलेलं '९९९९ इन १'. मी तिसरीत असताना, २००५ च्या सुट्टीत, बाबांनी गणपती पेठेतून आणला होता.

खाली शिडी धरून ताईचा मुलगा उभा. वय वर्षं आठ. "मामा, हे काय आहे?" आता दाखवणं आलंच. नव्या टीव्हीला पिवळ्या पिनची जागाच नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला. बटण दाबलं तर स्क्रीन करडी. आणि मग माझ्या हाताने आपणहून जे केलं ते बघून मीच चकित झालो. कॅसेट बाहेर काढली, खालून एक जोरदार फुंकर मारली, परत दाबून बसवली. मारिओ सुरू!

"फुंकर का मारलीस?"

प्रश्न रास्त होता. चार वर्षं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षं नोकरी करूनही मला उत्तर येत नव्हतं. "धूळ असते" असं काहीतरी बोललो आणि पुण्याला परतल्यावर दोन वीकेंड याच गोष्टीत घातले. धुळीपासून निघालो आणि पोचलो अमेरिकेतल्या कोर्टात!

तर मंडळी, सुरुवात करू अटारीपासून. १९७९ साली अटारीचे चार प्रोग्रामर बाहेर पडले. त्यांनी बनवलेले गेम खोऱ्याने पैसा ओढत होते आणि त्यांना मिळत होता फक्त पगार, खोक्यावर नावसुद्धा नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) त्यांनी 'ॲक्टिव्हिजन' काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी स्वतःचे गेम विकायला लागले. अटारीने केस केली, १९८२ मध्ये समेट झाला आणि एक गोष्ट पक्की झाली : मशीन एकाचं, कॅसेट दुसऱ्याची, असं चालू शकतं. अटारीच्या मशीनला कुलूपच नव्हतं. मग काय, जो तो गेम काढायला लागला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीचासुद्धा गेमचा विभाग होता, हे वाचून मी चहा सांडला.

दुकानं कचऱ्याने भरली. त्यात खुद्द अटारीचा 'ई.टी.'. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ नावाच्या एकट्या प्रोग्रामरला तो बनवायला पाच आठवडे दिले होते, कारण नाताळ गाठायचा होता. नाताळ गाठला, लोकांनी गेम परत आणून दिले. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने ट्रक भरभरून न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. कित्येक वर्षं लोकांना ती दंतकथा वाटायची. एप्रिल २०१४ मध्ये खणलं तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या, तेराशेच्या आसपास. अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा दोन वर्षांत जवळजवळ संपला होता आणि खेळण्यांचे दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकला की दार लावून घ्यायचे.

नेमकं त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ ला, जपानमध्ये निन्टेंडोचा 'फॅमिकॉम' बाजारात आला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा यांच्या टीमने बनवलेलं हे मशीन. रॅम किती, तर २ किलोबाइट. (आमच्या प्रोजेक्टची नुसती लॉग फाइल रोज जीबीत जाते, असो.) यालाही कुलूप नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८५ मध्ये हेच मशीन अमेरिकेत न्यायचं ठरलं तेव्हा निन्टेंडोने दोन बदल केले. पहिला दिसण्याचा. दुकानदार बिथरलेले, म्हणून मशीन गेमसारखं दिसूच नये, व्हीसीआरसारखं दिसावं. कॅसेट वरून खोचायची नाही, समोरून सरकवायची आणि खाली दाबायची. दुसरा बदल आतला. '१०एनईएस' नावाची एक छोटीशी कुलूप-चिप.

ही चिप मला फारच आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक चिप मशीनमध्ये, तशीच दुसरी प्रत्येक कॅसेटमध्ये. दोन्ही चार-बिटच्या, म्हणजे अगदीच साध्या. बटण दाबलं की दोघी एकाच वेळी एकच गणित करायला लागतात आणि उत्तरं एकमेकींना सांगत राहतात. शाळेत बाई दोन मुलांना समोरासमोर उभं करून तालात पाढे म्हणायला लावायच्या ना, तसं. गेम चालू असेपर्यंत पाढे चालू. कॅसेटवालीचा एक आकडा चुकला, किंवा ती गप्प बसली, की मशीनवाली चिडते आणि मशीन रीसेट करते. दर सेकंदाला एकदा. समोर लाल दिवा लुकलुकतो आणि गेम काही सुरू होत नाही. कॅसेटमध्ये तशी चिप घालायचा हक्क फक्त निन्टेंडोला. कात्सुया नाकागावा यांच्या नावावर याचं अमेरिकन पेटंट १९८९ मध्ये मिळालं.

आता गंमत बघा. व्हीसीआरसारखं दिसण्याच्या हट्टापायी जो समोरून सरकवायचा सॉकेट बनवला, त्याच्या पिना काही काळाने सैल व्हायच्या. पिन सैल, की दोन चिपांचं बोलणं तुटलं. बोलणं तुटलं, की चोर समजून मशीन रीसेट! म्हणजे अमेरिकेतली पोरं पैसे मोजून आणलेली अस्सल कॅसेट घालायची आणि मशीन त्यांना घरात घेत नव्हतं. मग ती कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की पिना नव्याने टेकायच्या, एवढंच. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात, असं निन्टेंडोनेच पुढे सांगितलं. थोडक्यात, एका अख्ख्या पिढीची फुंकर धुळीवर जेवढी होती, तेवढीच कुलपावरही होती.

निन्टेंडोचं म्हणणं होतं की कुलूप दर्जासाठी आहे, अटारीसारखा कचरा पुन्हा नको. हे खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. कारण चावी हातात आल्यावर बाकीच्या अटी लादता आल्या. बाहेरच्या कंपनीला वर्षाला जास्तीत जास्त पाच गेम. तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही मशीनवर काढायचा नाही. कॅसेटी निन्टेंडोच बनवणार, पैसे आगाऊ. 'कॉन्ट्रा'वाल्या कोनामीला पाच गेम कमी पडले, तर तिने 'अल्ट्रा' या दुसऱ्या नावाने आणखी पाच काढले. आपल्याकडे एकाच घरात दोन रेशनकार्डं काढतात, तोच प्रकार.

काहींनी कुलूप फोडायचा प्रयत्न केला. अटारीच्याच वंशातल्या 'अटारी गेम्स'ने 'टेन्जेन' या नावाने हे काम हाती घेतलं. आधी चिपचे थर रसायनाने सोलून मायक्रोस्कोपखाली बघितले, पूर्ण जमलं नाही. मग १९८८ मध्ये त्यांच्या वकिलाने सरळ अमेरिकन सरकारच्या कॉपीराइट ऑफिसात अर्ज केला : आमच्यावर केस चालू आहे, त्यासाठी या प्रोग्रामची प्रत हवी. केस वगैरे काही चालू नव्हती! प्रत मिळाली, त्यावरून 'रॅबिट' नावाची चिप बनली, विनापरवाना कॅसेटी बाजारात आल्या आणि मग मात्र खरोखरची केस उभी राहिली. १९९२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रिव्हर्स इंजिनिअरिंग हा गुन्हा नाही, पण तुम्ही खोटं बोलून प्रत मिळवलीत, त्यामुळे तुम्हाला त्याचा आधार घेता येणार नाही. शिवाय कुलूप उघडायला ज्या ओळींची गरजही नव्हती, त्याही यांच्या चिपमध्ये जशाच्या तशा सापडल्या. कॉपी करताना शेजाऱ्याची खाडाखोडसुद्धा उतरवून काढणारा एक जण आमच्या वर्गात होता, त्याची आठवण झाली.

'कलर ड्रीम्स' नावाच्या कंपनीची युक्ती अजून रांगडी. पाढे म्हणायच्या भानगडीत न पडता कॅसेटमधून चिपला विजेचा झटका द्यायचा, म्हणजे ती गपगार. पण निन्टेंडोला दुखावलं तर आपला माल बंद होईल, या भीतीने दुकानदार असल्या कॅसेटी ठेवायला कचरायचे. मग यांनी शोधलं असं दुकान जिथे निन्टेंडोचा माल नव्हताच, म्हणजे भीतीही नाही : ख्रिस्ती धार्मिक पुस्तकांची दुकानं! 'विझडम ट्री' या नावाने १९९१ मध्ये 'बायबल ॲडव्हेंचर्स' काढला आणि तो चांगला खपला.

आणि १९९३ मध्ये निन्टेंडोने या मशीनचं स्वस्त मॉडेल काढलं. कॅसेट पुन्हा वरून खोचायची आणि आत कुलूप-चिपच नाही. आठ वर्षांत तिचं काम संपलं होतं.

आता आमच्या माळ्यावरच्या खोक्याकडे येऊ. तो अर्थातच निन्टेंडोचा नव्हता. जपानी फॅमिकॉमला कुलूप नव्हतं, त्यामुळे तैवानमध्ये त्याच्या नकला सुरू झाल्या आणि पुढे अख्खं मशीन एका चिपमध्ये बसलं. रशियात तो 'डेंडी' झाला, पोलंडमध्ये 'पेगासस' आणि आमच्या घरी नुसता 'टीव्ही गेम'. मी कॅसेट उघडून बघितली. आत इवलासा बोर्ड आणि त्यावर डांबरासारखा काळा थेंब, बस. ९९९९ पैकी खरे गेम मोजके, बाकी सगळे तेच, फक्त वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. लहानपणी मी आणि ताईने वहीत नोंद करत ४०० पर्यंत तपासले होते. आमच्या फुंकरीचा कुलपाशी संबंधच नव्हता. आमची बिचारी खरंच धुळीवर होती.

चोरीचा माल होता का? होता. मी 'कॉन्ट्रा' शंभर वेळा खेळलो आणि कोनामीला एक रुपया गेला नाही, हे प्रोग्रामर म्हणून मला आज टोचतं. पण सांगलीच्या तिसरीतल्या पोराला अस्सल मशीन विकायला तेव्हा कुणी आलंही नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो, पण हे वाचताना मला सारखं माझं स्वतःचं काम दिसत होतं. मी तीन वर्षं लायसन्स तपासणारा कोड लिहितोय. गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर रोज आमच्या सर्व्हरला विचारतं, "मी चालू का?" १४ दिवस उत्तर आलं नाही की बंद. तेच पाढे, फक्त दुसरा मुलगा आता घरात नाही, हजारो मैलांवर बसलाय. आणि तो मेला तर? युबिसॉफ्टने २०१४ चा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला. एकट्याने खेळायलासुद्धा सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या डिस्कचीही बशी झाली. त्यावरून युरोपात सह्यांची मोहीम निघाली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी निन्टेंडोने 'गेम-की कार्ड' आणलं : कार्ड आहे, पण त्यात गेम नाही, फक्त चावी. गेम नेटवरून उतरवायचा. त्याआधी मे महिन्यात अमेरिकेतल्या करारात एक वाक्य घातलं, की नियम मोडलात तर आम्ही मशीन कायमचं निकामी करू शकतो. १९८५ ची चिप निदान दर सेकंदाला पुन्हा एक संधी द्यायची!

आमच्या टीममध्ये मी मागे एक तिकीट टाकलं होतं : कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला, तर गिऱ्हाइकाला शेवटची कायमची चावी द्यायची सोय असावी. ते 'नंतर बघू'मध्ये पडून होतं. त्या १०एनईएसच्या चिपचा चौथा पाय कापला की ती आपलं पहाऱ्याचं काम विसरते आणि कुठलीही कॅसेट चालते, हा जुन्या मशीनवाल्यांचा लाडका उपाय आहे. माझ्या कोडला असा चौथा पाय नाही, कारण तो मीच ठेवलेला नाही. सोमवारी तिकीट पुन्हा वर आणलं. मॅनेजरने विचारलं, "याची बिझनेस व्हॅल्यू काय?" मी म्हटलं, लिहून देतो. अजून लिहितोय.

टीव्ही गेम सध्या ताईकडे आहे. काल भाच्याचा फोन आला. मारिओमध्ये तो दुसऱ्या जगात पोचलाय, पण बदक मारायची बंदूक काही केल्या लागत नाही म्हणे, फुंकर मारूनसुद्धा! ती आता लागणारच नाही, तिला जुना ट्यूबचा टीव्हीच हवा. त्याचं कारण त्याला फोनवर सांगायचा प्रयत्न केला, पण तोवर स्वारी पळाली होती.