क्लिंच नदीतील शिंपले : अधिवासाचे पुनरुज्जीवन

अमेरिकेच्या व्हर्जिनिया व टेनेसी राज्यांतून वाहणारी क्लिंच ही टेनेसी नदीची उपनदी. गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या चाळीसहून अधिक जाती तिच्यात आढळतात. त्यांपैकी अनेकींना १९७३ च्या संकटग्रस्त जाती कायद्याचे संरक्षण आहे. १९३६ मध्ये नॉरिस धरण पूर्ण झाल्यावर खालचा मोठा टप्पा जलाशयाखाली गेला. त्यामुळे धरणाच्या वरचा वाहता भाग हाच शिंपल्यांचा मुख्य आसरा उरला.

जीवनचक्र : शिंपल्याचा डिंभ काही काळ माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतो. बहुतेक जातींना ठरावीक मासेच चालतात. लॉगपर्च हा मासा तोंडाने गोटे उलटवत किडे शोधतो. तो जवळ येताच स्नफबॉक्स जातीची मादी त्याचे डोके दोन शिंपांत पकडते, कल्ल्यांवर डिंभ सोडते आणि मगच त्याला मोकळे करते. पुढे डिंभाचे पिल्लू बनते व माशापासून सुटून तळाच्या वाळूत रुतते. गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या, की माशाचे खाद्य घटते आणि पिल्लांना प्राणवायू मिळेनासा होतो.

ऱ्हास : कोळसा खाणींतून येणारी बुकणी आणि गुरांनी तुडवलेल्या काठांची माती यांमुळे तळ बिघडत गेला. १९६७ मध्ये कार्बो येथील वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. १९७० मध्ये तेथूनच आम्ल नदीत सांडले. १९९८ मध्ये सीडर ब्लफजवळ टँकर उलटून रबर उद्योगातील रसायन पात्रात गेले आणि सुमारे ७,००० शिंपले मेले.

उपाय : काठांना कुंपण घालून गुरांसाठी पाण्याची सोय नदीबाहेर केली जाते. काठावर झाडांचे पट्टे लावून माती धरली जाते. त्याच्या जोडीला मॅरियन येथील सरकारी केंद्रात व व्हर्जिनिया टेक विद्यापीठात यजमान माशांवर डिंभ वाढवतात. तयार झालेल्या पिल्लांच्या शिंपांवर क्रमांकाच्या बारीक चकत्या चिकटवून त्यांना पात्रात सोडतात, म्हणजे पुढच्या पाहणीत कोण जगले ते कळते. १९९८ च्या अपघाताच्या भरपाईतून या कामाला पैसा मिळाला.

मर्यादा : २०१६ पासून फेझंटशेल जातीचे शिंपले मोठ्या संख्येने मरू लागले. आजारी शिंपल्यांत एक डेन्सोव्हायरस आढळला. तोच मूळ कारण असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. सोडलेल्या शिंपल्यांची संख्या म्हणजे यश नव्हे. त्यांची पुढची पिढी नदीतच, माणसाच्या मदतीवाचून, वाढू लागली तरच जात सावरली असे मानतात.