बोरघाटाची कंत्राटदार : अ‍ॅलिस ट्रेडवेल

कर्जत म्हटले की प्रवाशाला वडा आठवतो, आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जोडली जाणारी इंजिने. ती का लागतात हे घाट सांगतो. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत साधारण पंधरा मैलांत १,८३१ फूट चढ, काही ठिकाणी सदतिसास एक. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. हे काम ज्या कंत्राटात पुरे झाले ते एका विधवेच्या हाती होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या रेल्वेच्या इतिहासात बहुधा एका ओळीत उरकली जाते.

१८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रेल्वे आली. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत दुसरा तुकडा सुरू झाला. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडायचा. घाटाचे कंत्राट प्रथम विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होते. बोरीबंदर-ठाणे हा पहिला मार्ग बांधण्यात त्यांचाच वाटा होता. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तंट्यावरून घाटात दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आले. सप्टेंबर १८५९ मध्ये ते सपत्नीक मुंबईला उतरले आणि महिना सरण्याआधीच आजाराने वारले.

अ‍ॅलिसबाईंना परतीची बोट धरता आली असती. त्यांनी कंत्राट स्वतःकडे घेतले, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघा अनुभवी माणसांवर प्रत्यक्ष काम सोपवले आणि ते तडीस नेले.

येथे आम्हांला दोन समाजांतील वैधव्य शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगणे वा करार करणे जवळजवळ अशक्य होते. त्यात खरा बदल १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी झाला. विधवा मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती. म्हणजे सॉलोमन जिवंत असते तर बाई कंत्राटदार होऊच शकल्या नसत्या. घाटाखाली नि घाटावर याच काळात विधवेची स्थिती काय होती, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. पतिनिधनाने एका समाजात जे दार किलकिले होई, तेच दुसऱ्यात कडीकुलपात जाई.

तरीही बाईंची वीरगाथा रचण्याचा मोह आम्ही आवरतो. जानेवारी १८६१ मध्ये या घाटात ४२,००० च्या आसपास माणसे राबत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसे कड्यावरून दोरांनी खाली सोडली जात. पाणी नाही, निवारा नाही. १८५९-६० च्या पटकीने तळच्या तळ ओस पडले. दगडमातीच्या पाट्या वाहणाऱ्या त्या बायकांत विधवा नव्हत्या असे कोण म्हणेल? त्यांच्या नावे मात्र कोणताही करार नव्हता. बाईंचा निर्णय धाडसी होता खरा, पण त्याची किंमत ज्यांनी दिली ते लोक कागदावर केवळ संख्येने उरले आहेत.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली ते पाहायला राहिले नव्हते; आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. पुढे १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल ढासळला.

बाईंच्या नावाने ओळखली जाणारी घाटकामाची छायाचित्रे लंडनमध्ये जतन केलेली आहेत. त्यांचे मोल आम्हांला कंत्राटाइतकेच वाटते. चढ विभागण्यासाठी जेथे गाडीची दिशा उलटी करीत, ते खंडाळ्याखालचे स्थानक १९२९ मध्ये मार्ग बदलल्यावर वापरातून गेले. त्याचे जुने रूप अशा चित्रांतूनच कळते.

घाटातल्या लोकांनी मात्र आठवण ठेवली ती दुसऱ्याची. गोऱ्या साहेबाला वाट दाखवणारा आणि त्याच्याच गोळीला बळी पडलेला शिंगरोबा धनगर ही दंतकथा आहे, दप्तरी पुरावा नव्हे. पण जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे, आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर तेथे हात जोडतात, नाणे टाकतात.