डब्यावरचे हिरवे झाड

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्याच्या आसपास फरसाणाची पुडी घेतली, तर मागे बारीक अक्षरांत ‘खाद्य वनस्पती तेल’ आणि कंसात ‘पामोलीन’ असे बहुधा सापडते. या कंसाला कूळ आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला. दादा (थोरला भाऊ नव्हे, डच आयातदार) या नावात लिव्हर कंपनीचा ‘ल’ घुसवून तो शब्द घडला, असे सांगतात. पिवळ्या डब्यावर ताडासारखे हिरवे झाड; आत मात्र मुख्यतः शेंगदाण्याचे तेल, हायड्रोजनने थिजवलेले. साऱ्या झाडाझुडपांचा ‘वनस्पती’ हा शब्द एका तुपाचे नाव होऊन बसला. त्याला पहिला विरोध झाला तो साजूक तुपातल्या भेसळीवरून. गांधीजीही त्यात होते. बंदी आली नाही, वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे तेवढे सक्तीचे झाले. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवले, की आम्ल गुलाबी होते आणि तीळ चहाडी करतो. युक्ती नामी, पण तिने तूप राखले. वनस्पतीत उद्या कुठले तेल येईल, हे कोणी विचारले नाही. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि मलेशिया-इंडोनेशियाचे तेल या बिननावाच्या जागेत निवांत शिरले.

म्हणूनच पामतेलासाठी होणाऱ्या जंगलतोडीविरुद्धचे युरोपातले हत्यार इथे बोथट ठरते. २०१० मध्ये ग्रीनपीसने एका चित्रफितीत किटकॅटच्या वेष्टनातून ओरांगउटानचे बोट काढून दाखवले आणि दोन महिन्यांत नेस्लेला धोरण बदलावे लागले. तिथे भांडायला नाव होते. इथे २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर दिलेल्या शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’त रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल आले. रेशनवर येईल ते घेणाऱ्याला बहिष्कार शिकवणे अंमळ उद्धटपणाचेच. कोणी म्हणेल, हेक्टरी सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देणारे झाड सोडले तर उलट जास्त रान जाईल. हिशेब खरा आहे, पण तो झाडाचा, जागेचा नाही. बोर्निओतले दलदलीचे जंगल जाळून लावलेला मळा आणि रबराच्या जुन्या मळ्यात लावलेला मळा, दोन्हींचे तेल डब्यात सारखेच दिसते. कंसात लिहिलेले आहेच की, हा बचावही तोकडा: कंस तेलाची जात सांगतो, गाव सांगत नाही. ते वदवून घेण्याची ताकद पुडी फोडणाऱ्यापेक्षा निविदा काढणाऱ्याकडे आहे. दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकांसाठी लिटर-लिटर तेल घेताना मळ्याचा पत्ता मागणारी एक ओळ घालायला कुठलेही आम्ल लागले नसते.